प्रवेशअर्जातला वारस दाखला

हार्वर्ड कॉर्पोरेशनच्या सर्व सदस्यांस,


मी न्यू जर्सीत राहणारी मराठी आई. मुलगी अकरावीत आहे, पुढच्या वर्षी ती तुमच्याकडे अर्ज करील. तिचे वडील तुमच्याच कॉलेजात शिकले. हे आधीच सांगते, कारण मी मागते आहे त्यात नुकसान झालं तर आमचंच होईल.

२९ जून २०२३ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घ्यायला मनाई केली, तेव्हा आमच्या ओळखीच्या घरांत पेढे वाटायचेच बाकी होते. तुमच्याविरुद्धच्या त्या खटल्यात आशियाई वंशाच्या मुलांच्या व्यक्तिमत्त्वाला तुमच्याकडे कमी गुण पडल्याचं दिसलं, ते मलाही झोंबलं होतं. पण त्याच कागदपत्रांतून आणखीही काही बाहेर आलं. माजी विद्यार्थ्यांच्या अर्जदार मुलांपैकी सुमारे ३३ टक्क्यांना तुम्ही घेत होता, इतरांपैकी सुमारे ६ टक्क्यांना. निवड झालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची किंवा प्राध्यापकांची मुलं, नाहीतर डीनच्या खास यादीतले होते. काळ्या, लॅटिनो आणि आशियाई विद्यार्थ्यांत हे प्रमाण प्रत्येकी १६ टक्क्यांच्या आत होतं.

वंशाचा रकाना तुम्ही झाकलात. वारशाचा, म्हणजे आईवडिलांच्या पदवीचा, उघडाच आहे. ही वारशाची साखळी सुरू झाली तेव्हा तुमच्या वर्गांत काळी मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या काळची बंद दारं अशी आजही मोजली जातात.

जन्माच्या पुण्याईवर मिळणारं शिक्षण म्हणजे काय, हे आम्हा मराठी माणसांना कुणी शिकवायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. माझं माहेर ब्राह्मणाचं. घरात चार पिढ्या पदवीधर. माझ्या मुलीच्या गुणांत तिची मेहनत आहे, तशी माझ्या पणजोबांच्या घरातली पुस्तकांची फडताळंही आहेत. तेवढं तिला पुरे. त्यावर बापाच्या पदवीचं वजन कशाला?

वारसा काढला की सगळं जागेवर येईल, असं मी म्हणत नाही. शेजारच्या एमआयटीत वारसा बघतच नाहीत, तरी निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण सरासरी १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. तुमच्याकडे १८चे १४ झाले. म्हणून दुसरी विनंती. वंशामुळे आयुष्यात काय सोसावं लागलं, हे अर्जदाराने निबंधात लिहिलं तर ते विचारात घेण्याची मुभा न्यायालयाने ठेवली आहे. कायदेशीर सल्लागारांच्या भीतीने ते निबंध घाईघाईने उलटू नका.

जॉन्स हॉपकिन्सने २०१४मध्येच वारशाला झुकतं माप देणं थांबवलं, अ‍ॅमहर्स्टने २०२१मध्ये. दोन्ही संस्था व्यवस्थित चालू आहेत.

आईवडील कुठे शिकले, हा प्रश्न माझ्या मुलीच्या अर्जात असेल आणि ती त्याचं खरं उत्तर लिहील. निवड करणाऱ्यांना ते उत्तर दाखवू नका.

आपली,
एक पालक