पाटीवर १०० ते २४०, चाचणी मात्र २३० वर

‘आपल्याकडे सॉकेटला २३० व्होल्ट येतात, मग चाचणीही २३० वरच करा.’ ईएमसी (विद्युतचुंबकीय सुसंगतता) लॅबमध्ये अ‍ॅडॉप्टर घेऊन येणाऱ्या अनेक उत्पादकांचा हा पूर्वपक्ष. तो इतका सरळ वाटतो की समोरचा अभियंताही पुष्कळदा मान डोलावतो. मला तो साफ अमान्य आहे.

व्होल्टेज डिपची चाचणीच घ्या. आयईसी ६१०००-४-११ मधल्या एका चाचणीत ५० हर्ट्झचा पुरवठा २५ आवर्तनं, म्हणजे अर्धा सेकंद, ७० टक्क्यांवर उतरवतात. २३० चे ७० टक्के होतात १६१. ज्याच्या पाटीवरच १०० ते २४० छापलं आहे, त्या अ‍ॅडॉप्टरला १६१ व्होल्ट हा रोजचा खुराक. त्याची परीक्षा झालीच नाही, आणि अहवालावर मात्र ‘उत्तीर्ण’ असा शिक्का! तोच अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टवर चालवा आणि ७० वर उतरवा. मग त्याचा कस लागेल. वीज क्षणभर पूर्ण तुटते तेव्हाही हेच. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० वर ती १०० वरच्या ऊर्जेच्या ५ पटींहून अधिक. भरल्या कोठारावर दुष्काळाची परीक्षा घेण्यासारखं आहे हे.

‘पण मानकाला एकच व्होल्टेज चालतं ना?’ चालतं, पण कधी? पाटीवरच्या पट्ट्याची रुंदी खालच्या आकड्याच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तेव्हा. २२० ते २४० वाल्याला ही सवलत मिळते. १०० ते २४० वाल्याची चाचणी दोन्ही टोकांना करावी लागते. हे त्याच मानकात लिहिलेलं आहे.

उपकरण स्वतः किती गोंगाट सोडतं, या चाचणीबाबत दुसरा पक्ष म्हणतो, जास्तीत जास्त व्होल्टेज दिलं की सर्वांत वाईट अवस्था आलीच. अर्धं खरं आहे. २५३ व्होल्टवर शिखर जवळजवळ ३५८ ला जातं, मॉस्फेटच्या ड्रेनवरची उडी वाढते आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधून कॉमन मोड गोंगाट अधिक निसटतो. पण तेवढीच शक्ती १०० व्होल्टवर ओढताना करंट २३० च्या मानाने सुमारे २.३ पट होतो. फिल्टरचा चोक संपृक्त होऊ लागला, की १५० किलोहर्ट्झच्या आसपासचा डिफरन्शियल मोड गोंगाट तिथेच डोकं वर काढतो. एकच यंत्र, आणि दोन टोकांना दोन वेगळे रोग.

म्हणून सगळंच सगळीकडे मोजा, असं मी म्हणत नाही. लॅबचे तास महाग असतात, आणि साध्या हीटरला या खटाटोपाची गरज नाही. स्विचिंग पुरवठ्याचं मात्र दोन्ही टोकांना, पूर्ण आणि हलक्या लोडवर, पीक डिटेक्टरने झटपट स्कॅन करा. त्याला मिनिटं लागतात. जिथे आलेख सर्वांत वर येईल, तिथे क्वासी-पीकची सावकाश मोजणी करा.

आणि पुरवठा कुठून घेता, तेही पाहा. वेल्डिंग चालू असलेल्या एमआयडीसीच्या लाइनवरून थेट जोडलं, तर शेजाऱ्याचा गोंगाट आपल्या नावावर लागतो. आधी उत्पादन बंद ठेवून लिस्नवर (लाइनवरचा गोंगाट मोजण्यासाठी मध्ये जोडलेल्या नेटवर्कवर) मोजा. पार्श्वभूमी मर्यादेच्या किमान ६ डेसिबल खाली दिसली, तरच पुढे जा.