विश्लेषण : उड्डाणाआधीच छोट्या विमानाने पेट घेतला तर? वैमानिक स्टार्टर बंद का करत नाही?

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. तेव्हापासून बंदरालगतच्या विमानतळाची चर्चाही जिल्ह्यात सुरू आहे. जमीन कोणाची जाणार, समुद्रात भराव किती पडणार, मच्छीमारांचे काय होणार, हे प्रश्न विचारले जात आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण विमान हवेत जाण्याआधी, जमिनीवर उभे असतानाच पेटले तर काय, हे मात्र कोणी विचारत नाही. तारापूर एमआयडीसीच्या शेजारी राहणाऱ्यांना आग म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको. विमानाची आग मात्र थोडी वेगळी असते. ती विझवण्याची पहिली संधी अग्निशमन दलाला नव्हे, तर आत बसलेल्या माणसाला मिळते.

उभ्या विमानाला आग लागते कशी?

ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे त्यांना हे लगेच कळेल. थंडीच्या सकाळी चोक ओढून किकवर किक मारली की पेट्रोल ‘ओव्हरफ्लो’ व्हायचे, वास सुटायचा आणि स्कूटर काही सुरू व्हायची नाही. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ सारख्या विमानांतही पिस्टन इंजिनच असते. थंड इंजिन सुरू होण्यासाठी त्यात आधी थोडे इंधन सोडतात, त्याला प्रायमिंग म्हणतात. घाईत ते जास्त झाले, तर जादा इंधन हवा आत नेणाऱ्या मार्गात किंवा कार्बोरेटरमध्ये साचते. अशा वेळी इंजिनाने ‘बॅकफायर’ केला, म्हणजे सिलिंडरमधली ज्वाळा उलटी बाहेर आली, की साचलेले इंधन पेटते.

हे इंधनही साधे नाही. बोईसरच्या केमिकल कंपन्यांत काम करणाऱ्यांना ‘फ्लॅश पॉइंट’ हा शब्द पाठ असतो. किती तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याचा तो आकडा. मोठ्या जेट विमानांच्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट किमान ३८ अंश सेल्सिअस असतो. छोट्या विमानांत भरले जाणारे निळसर एव्हीगॅस मात्र उणे ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते. म्हणजे पालघरच्या हवेत ते बाराही महिने पेटायला तयार असते.

मग वैमानिक काय करतो?

इंजिनातून धूर निघाला की आपण सगळे आधी चावी फिरवून गाडी बंद करू. विमानाचे हँडबुक नेमके उलटे सांगते : स्टार्टर फिरवत राहा.

कारण साधे आहे. स्टार्टर फिरतो तोवर पिस्टन हवा आत ओढत राहतात. त्या ओढीबरोबर ज्वाळा आणि साचलेले इंधन सिलिंडरमध्ये जाते, आणि आग जिथे असायला हवी तिथेच जाऊन जळते. स्टार्टर सोडला की ही ओढ थांबते. मग ज्वाळा बाहेरच राहते आणि वायरिंग, रबरी नळ्या, इंजिनावरचे आवरण पकडत जाते.

इंजिन सुरू झाले, तर काही मिनिटे ते थोड्या जास्त वेगाने चालवतात. सेस्ना १७२ च्या हँडबुकांत हा वेग मॉडेलनुसार १७०० किंवा १८०० आरपीएम असा दिला आहे. त्यानंतर इंजिन बंद करून तपासणी होते. ‘सुरू झाले ना, मग निघूया’ हे इथे चालत नाही. इंजिन सुरूच झाले नाही, तर थ्रॉटल पूर्ण उघडायचा, मिक्स्चरचा दांडा ओढून इंधन तोडायचे आणि तरीही स्टार्टर फिरवत राहायचे. इंधनाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा. मग इग्निशन आणि मास्टर स्विच बंद, हातात अग्निशामक आणि सगळे बाहेर. आग आवरत नाही किंवा इंधन खाली जमिनीवर गळून पेटले आहे असे दिसले, तर विमान वाचवण्याचा नाद सोडायचा.

प्रत्येक विमानाचे हँडबुक वेगळे असते आणि वैमानिकाला शब्द त्याचाच पाळावा लागतो. पण जेट इंजिनात सुरू होताना मागच्या नळीत आग लागली, तरी तत्त्व तेच राहते : इंधन तोडा, इंजिन फिरवत ठेवा.

कागदावर हे सोपे वाटते. डोळ्यांसमोर ज्वाळा दिसत असताना बोट स्टार्टरवर दाबून ठेवणे ही मात्र सवयीची बाब आहे. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला होता. चार वर्षांत त्याची पिन काढून कोणी पाहिली नाही. धुळे, बारामती किंवा गोंदियाला विमान शिकायला जाणाऱ्या मुलांकडून हा क्रम इंजिन सुरू करण्याआधी तोंडपाठ म्हणून घेणे, तेही बंद विमानात बसवून, खर्चिक नाही. कंटाळवाणे मात्र आहे, आणि म्हणूनच ते टाळले जाते.

शेजारच्या सीटवर आपण असलो तर?

वैमानिकाला काम करू द्या. त्याने सांगेपर्यंत दार उघडू नका, कारण पुढे पंखा फिरत असू शकतो. छोट्या विमानाचे दार पंख्याच्या अगदी मागे असते. बाहेर पडल्यावर शेपटीच्या दिशेने जायचे, पुढे कधीच नाही. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर थांबायचे. बॅग आतच राहू द्या.

बॅगेचे लोक ऐकत नाहीत. २०१६ मध्ये शिकागोला धावपट्टीवर पेटलेल्या मोठ्या विमानातून बाहेर पडताना अनेक प्रवाशांच्या हातात बॅगा होत्या. धूर मात्र थांबत नाही. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला इंजिन फुटल्यामुळे एका विमानाचे उड्डाण धावपट्टीवरच थांबवले गेले. विमान जमिनीवरून उचललेही नव्हते. तरी ५५ जण गेले, त्यातले बहुतेक धुराने. त्याउलट १४ सप्टेंबर २०२२ रोजी मस्कतहून कोचीला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाच्या इंजिनातून उड्डाणाआधी धूर आला, तेव्हा सगळे प्रवासी घसरगुंड्यांवरून वेळेत उतरले.

पालघरच्या धावपट्टीवर काय हवे?

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमानतळाची अग्निशमन श्रेणी तिथे येणाऱ्या विमानांच्या आकारावर ठरते. नऊ मीटरपेक्षा कमी लांबीच्या विमानांसाठी सर्वात खालची श्रेणी पुरते. सेस्ना १७२ त्यातच बसते. त्यासाठी लागते एक गाडी, ‘बी’ दर्जाचा फोम वापरल्यास किमान २३० लिटर पाणी, आणि ४५ किलो ड्राय पावडर. एवढे पाणी गच्चीवरच्या साध्या टाकीत मावते. खरी अट वेळेची आहे. वापरातल्या धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचायचे असते.

‘तारापूर एमआयडीसीचे अग्निशमन केंद्र आहे की’ हे उत्तर इथे चालणार नाही. बोईसरहून वाढवणपर्यंत बंब कितीही वेगात आला, तरी तीन मिनिटांत येत नाही. शिवाय तो बंब कारखान्यांसाठी आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे येथील रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला, तशी वेळ पुन्हा आली तर बंब तिकडे हवा की धावपट्टीवर?

तारापूरकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र नक्की आहे. सॉल्व्हंटचा टँकर रिकामा करण्याआधी तिथे अर्थिंगचा चिमटा लावतात, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. विमानात इंधन भरतानाही आधी तशीच तार जोडावी लागते. बोईसरच्या कामगाराला हे शिकवावे लागणार नाही.

विमानतळाची जनसुनावणी होईल तेव्हा भरपाईच्या दराबरोबर हेही विचारता येईल : अग्निशमन श्रेणी कोणती, गाड्या किती, आणि त्या पहिल्या विमानाआधी येणार की नंतर?