अभेद्यतेचं आश्वासन नको

केळशीचा आंबा मुंबईला जातो आणि त्याचे पैसे फोनवर येतात. सात-बाऱ्याचा उतारा सेवा केंद्रातल्या प्रिंटरमधून निघतो. निराधार पेन्शन बोटाच्या ठशावर मिळते, रेशनही ठशावरच. भारजा नदीच्या मुखाशी वसलेलं दापोली तालुक्यातलं हे गाव आपले रोजचे व्यवहार आता अशा सर्व्हरवर सोपवून बसलं आहे, जे गावातल्या कुणी पाहिलेले नाहीत. कोकणातल्या इतर गावांचीही हीच गत आहे. हे सर्व्हर कोण सांभाळतं आणि ते बिघडले तर जाब कुणाला विचारायचा, हे कुणी सांगत नाही. ‘सिस्टिम शंभर टक्के सुरक्षित आहे,’ एवढं मात्र सगळे सांगतात.

कोणतीही संगणक यंत्रणा शंभर टक्के सुरक्षित नसते आणि ती तशी करताही येत नाही. तज्ज्ञांमध्ये याबद्दल फारसा वाद नाही. मला काळजी वाटते ती या विधानाच्या दुसऱ्या बाजूची. यंत्रणेतल्या फटींनी जेवढं नुकसान होतं, त्याहून खोल नुकसान ‘फट असूच शकत नाही’ या विश्वासाने होतं.

महाराष्ट्राने याचा मोठा धडा ऑगस्ट २०१८ मध्ये घेतला. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली, देशातल्या जुन्या आणि मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्टला, शनिवारी, तिच्या ग्राहकांच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये निघाले. भारतातल्या एटीएममधून आणखी २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी गेले. त्यातले काही पैसे कोल्हापुरातही काढले गेले. १३ तारखेला ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण चोरी ९४ कोटी ४२ लाखांची.

ही चोरी ज्या पद्धतीने झाली, ती समजून घेण्यासारखी आहे. एटीएममध्ये कार्ड घातलं की ‘या खात्यात पैसे आहेत का?’ असा प्रश्न मधल्या ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जातो आणि तिथून होकार किंवा नकार येतो. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात मालवेअर घुसवून मध्येच एक खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डाचा प्रश्न खऱ्या प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही, खोटा स्विचच ‘द्या’ म्हणत राहिला. मुख्य प्रणाली शाबूत होती, ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, तोटा बँकेला झाला. म्हणजे तिजोरी फोडण्याची गरजच पडली नाही. तिजोरीच्या वतीने उत्तर देणारा बदलला, एवढं पुरेसं ठरलं. आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने जगभर एटीएम लुटीचा असा प्रयत्न होणार असल्याचा गोपनीय इशारा बँकांना दिला होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. शिक्षा झाली ती मुख्यतः बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्या साखळीला. हल्ल्याचा बेत आखणारे मात्र देशाबाहेर, हाताबाहेर राहिले.

यावर साहजिक प्रतिक्रिया अशी की, बँकेने अधिक चांगली यंत्रणा घ्यायला हवी होती. अर्थातच हवी होती. पण कितीही चांगली घेतली तरी ती ‘पूर्ण’ का होत नाही, याची कारणं संगणकाच्या स्वभावातच आहेत. ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ मध्ये, आजचे संगणक जन्मायच्या आधी, एक गोष्ट सिद्ध केली: कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो कधी थांबेल की चालतच राहील, हे खात्रीने सांगणारी एकच सार्वत्रिक रीत असू शकत नाही. पुढे १९८० च्या दशकात फ्रेड कोहेन यांनी त्याच धाग्याने दाखवलं की, प्रत्येक व्हायरस अचूक ओळखेल आणि निर्दोष प्रोग्रॅमवर कधीच चुकीचा आळ घेणार नाही, असा प्रोग्रॅम लिहिता येत नाही. ही मर्यादा आजच्या अभियंत्यांच्या कौशल्याची नाही. उद्या दहापट हुशार माणसं आणि हजारपट वेगवान यंत्रं आली तरी ती तिथेच राहील.

त्यात बाजू विषम आहेत. राखणाऱ्याला सगळ्या फटी बुजवाव्या लागतात, शिरणाऱ्याला एक सापडली तरी पुरते. चाचण्या घेऊन चुका सापडतात, पण चुका उरल्या नाहीत हे चाचण्यांनी कळत नाही. ‘हार्टब्लीड’ नावाने गाजलेली चूक २०१४ मध्ये उजेडात आली, तेव्हा ती इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरमध्ये दोन वर्षं सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होती.

मग गणिताने सिद्ध करून यंत्रणा बनवता येणार नाही का? हा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचं उत्तर आशादायकही आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘एसईएल-४’ या संगणकाच्या गाभ्याशी चालणाऱ्या छोट्या प्रणालीबाबत गणिती सिद्धता दिली: तिची संहिता तिच्यासाठी ठरवलेल्या नियमांप्रमाणेच वागते. हे मोठं यश आहे आणि विमानं, वैद्यकीय उपकरणं, वीजकेंद्रं यांसाठी त्याच वाटेने जायला हवं. पण त्याची किंमत पाहा. सुमारे ९,००० ओळींच्या प्रोग्रॅमसाठी सुमारे दोन लाख ओळींची सिद्धता लिहावी लागली. आपल्या रोजच्या संगणकातल्या प्रणाली कोट्यवधी ओळींच्या असतात. शिवाय सिद्धता गृहीतकांवर उभी असते. खालचं यंत्र बरोबर चालतं, हे त्यातलं एक गृहीतक. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले, तेव्हा कळलं की दोन दशकं विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरच्या रचनेतूनच गुपितं झिरपू शकत होती. सिद्धता खोटी ठरत नाही, तिच्या पायाखालची जमीन वेगळी निघते.

‘इंटरनेटशी जोडूच नका’ हा दुसरा उपाय. इराणमधल्या नतान्झचं युरेनियम केंद्र बाहेरच्या जाळ्याशी जोडलेलं नव्हतं. तरीही ‘स्टक्सनेट’ हे मालवेअर तिथे पोहोचलं आणि त्याने सेंट्रिफ्यूज निकामी केले. २०१० मध्ये ते जगाला कळलं. आपल्याकडे कुडनकुलमच्या अणुवीज केंद्राबाबत ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच प्रश्न आला. मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुवीज महामंडळाने प्रशासकीय जाळ्याला जोडलेल्या एका संगणकात मालवेअर सापडल्याचं मान्य केलं. अणुभट्टीचं नियंत्रण वेगळ्या जाळ्यावर असल्याने ते सुरक्षित राहिलं. अलग ठेवण्याने नुकसान आटोक्यात राहतं, हे इथे दिसलं. नतान्झने दाखवलं की तेवढ्याने दार कायमचं बंद होत नाही.

आणि कोणतीही यंत्रणा एकटी नसते. जुलै २०२४ च्या अखेरीस ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ती देशभरातल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवते. खबरदारी म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने (एनपीसीआय) तिला मुख्य जाळ्यापासून तोडलं आणि सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार थांबले. १ ऑगस्टला सेवा पूर्ववत झाली. या बँकांपैकी कुणाच्या शाखेत चूक झाली नव्हती. ज्याचं नाव ग्राहकाने कधी ऐकलं नव्हतं, अशा तिसऱ्याच ठिकाणी धागा तुटला. गावातली सोसायटी आणि छोटी बँक याच प्रकारच्या धाग्यावर लटकलेली असते.

इथपर्यंत हा तंत्राचा प्रश्न होता. ब्रिटनच्या टपाल खात्याची कहाणी वाचली की तो न्यायाचा प्रश्न होतो. १९९९ पासून तिथल्या पोस्ट ऑफिसांत फुजित्सु कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली आली. तिच्यातल्या दोषांमुळे खात्यांत न झालेली तूट दिसू लागली. गावोगावचे उपडाकपाल ‘आम्ही पैसे घेतले नाहीत’ असं सांगत राहिले. शाखेचे हिशेब बाहेरून कुणी बदलू शकत नाही, असं त्यांना सांगितलं गेलं आणि तेही खरं नव्हतं. संगणक नीट चालतो असं गृहीत धरण्याचा तिथल्या न्यायालयांचा रिवाज होता. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना शिक्षा झाल्या. काहींनी घरं विकली, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. इथे कुणी हॅकर नव्हता. यंत्रणा चुकूच शकत नाही, ही श्रद्धा पुरेशी होती.

म्हणून ‘शंभर टक्के सुरक्षित’ हे शब्द मला भीतिदायक वाटतात. यंत्रणा अभेद्य आहे असं एकदा ठरलं की, पैसे गेल्यावर संशय आपोआप सर्वांत दुबळ्या माणसावर येतो. ‘तुम्हीच ओटीपी सांगितला असेल,’ ‘अंगठा तुमचाच आहे, म्हणजे पैसे तुम्हीच काढले.’ केळशीतल्या एखाद्या सत्तर वर्षांच्या आजींना काउंटरपलीकडून असं कुणी सांगितलं, तर त्या काय पुरावा देणार? बोटांचे ठसे कागदांवरून उचलून आधारवर आधारित व्यवहारांत पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

कायद्याने इथे थोडा आधार दिला आहे आणि तो गावागावांत माहीत असायला हवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये, जुलैत व्यापारी बँकांना आणि डिसेंबरात सहकारी बँकांना, नियम घालून दिले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्या यंत्रणेचा आहे, अशा अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली, तर ग्राहकावर तोटा येत नाही. दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे. तक्रारीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. फसवणूक कळताच पहिल्या तासात केलेला फोन पुढच्या महिन्यांतल्या खेट्यांपेक्षा मोलाचा असतो.

पूर्ण सुरक्षितता नाही, म्हणून हात टेकायचे असा याचा अर्थ कुणी काढू नये. किनाऱ्यावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतल्या बागा झोपल्या, छपरं उडाली आणि अनेक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. त्यानंतर कुणी ‘वादळाला दाद न देणारं घर’ मागितलं नाही. छप्पर घट्ट बांधणं, इशारा वेळेवर मिळणं, आसरा जवळ असणं आणि भरपाई लवकर होणं, या चार गोष्टी मागितल्या. संगणक यंत्रणेकडूनही तेवढंच, आणि तेवढं ठामपणे, मागायला हवं.

सावरण्याची सोय किती मोलाची असते, हे आपल्या शेजारच्या न्हावा-शेवा बंदराने पाहिलं आहे. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ या मालवेअरने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरचं जाळं पाडलं आणि तिच्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या इथल्या टर्मिनलचं कामही कोलमडलं. मर्स्कच्या जाळ्यातल्या वापरकर्त्यांची ओळख ठेवणारे सर्व्हर जगात दीडशेच्या आसपास होते. ते सगळे एकमेकांच्या प्रती होते, पण सतत जोडलेले असल्यामुळे एकदमच पुसले गेले. वाचला तो एकच, घानामधला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपलं जाळं पुन्हा उभं केलं. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक कंपनी नशिबाने तरली. सोसायटीने किंवा तहसील कार्यालयाने त्या नशिबावर अवलंबून राहू नये. जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत आणि ती खरोखर उघडते का याची ठरावीक तपासणी, हा खर्च कितीही लहान संस्थेला परवडतो.

जुन्या कागदी सोयी मोडीत काढण्याची आपली घाई याच कारणाने धोक्याची आहे. पासबुकात छापलेली शेवटची नोंद, उताऱ्याची घरात जपलेली प्रत, रेशन दुकानातली वही, हे मागासलेपण समजून फेकू नये. संगणकाचा शब्द आणि माणसाचा शब्द यांत तफावत पडेल, तेव्हा तिसरा साक्षीदार हाच असेल. ज्या दिवशी ठसा जुळत नाही किंवा सर्व्हर बंद आहे, त्या दिवशी धान्य आणि पेन्शन कशी मिळेल, याचा लेखी नियम असायला हवा आणि तो दुकानाच्या भिंतीवर लावलेला असायला हवा.

नवी प्रणाली विकायला किंवा राबवायला जो येईल, त्याला ग्रामसभेने आणि संस्थेच्या वार्षिक सभेने चार प्रश्न विचारावेत. ही यंत्रणा फुटली तर ते किती वेळात कळेल? फुटली तर एका वेळी जास्तीत जास्त किती जाऊ शकेल? परत उभी राहायला किती दिवस लागतील आणि तोवर काम कसं चालेल? आणि नुकसान कुणाच्या खिशातून भरलं जाईल? या प्रश्नांना आकडे आणि नाव देऊन उत्तर देणाऱ्याशी करार करावा. ‘तशी वेळच येणार नाही’ असं उत्तर देणाऱ्याला परत पाठवावं, कारण वेळ येईल तेव्हा काय करायचं याचा विचार त्याने केलेला नाही, आणि त्याचा भुर्दंड आपल्याला भरावा लागेल.