हजेरी

परवा आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सभा झाली. महापालिकेने विरंगुळा केंद्राला नवा कॅरमबोर्ड, दोन बाके आणि भिंतीवर लावायचा टीव्ही दिला, म्हणून आभाराचा ठराव होता. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. घरी आले आणि मग स्वतःचाच राग आला.

का ते सांगते. आमचे केंद्र पहिल्या मजल्यावर आहे. खाली तरुणांची व्यायामशाळा आणि वर म्हातारे! एकवीस पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. ज्याला त्या चढता येतात त्याला विरंगुळा. केंद्र वाईट आहे असे मुळीच नाही. आमच्यातल्या कितीतरी बायकांना स्वयंपाकघराबाहेर हक्काने बसायला मिळालेली ही पहिलीच जागा. पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, ते वर येतच नाहीत.

आमच्यात एक नाना आहेत. वय ८३, पोस्टातून निवृत्त, पत्नी गेलेली, मुलगी लांब. रोज पाच वाजता येऊन वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायचे, कोणी ऐको न ऐको. गेल्या पावसाळ्यात ते येईनासे झाले. ‘गुडघे दुखत असतील’ असे म्हणून आम्ही गप्प बसलो. गणपती झाले, नवरात्र झाले. छत्तीस वर्षे मी वर्गात हजेरी घेतली. तीन दिवस मूल आले नाही तर शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायची. आणि इथे? गेले ती कोजागिरीची वर्गणी मागायला!

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. रक्तदाबाच्या गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते. महापालिकेच्या दवाखान्यात त्या फुकट मिळतात. पण दवाखाना पुलापलीकडे, आणि आणून देणारा शेजारचा मुलगा नोकरीला परगावी गेलेला. "एवढ्यासाठी कोणाला सांगायचं, बाई?" म्हणाले. मग जुनेच वर्तमानपत्र काढून मला मोठ्याने वाचून दाखवू लागले.

योजना नाहीत असे नाही. पंचाहत्तरी झाली की २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास फुकट. छान! पण स्टँडपर्यंत कोण नेणार? १४५६७ ही हेल्पलाइन आहे, चांगली आहे. पण फोन कोणीतरी करायला तर हवा. आणि नाना तर शेजाऱ्यालाही सांगत नव्हते. ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा आहे. त्याखालच्या राज्याच्या २०१० च्या नियमांत पोलिस ठाण्याने ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी आणि शक्यतो स्वयंसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटावे, असे आहे. हे वाचून मी ठाण्यात गेले. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी विचारले, यादीही दाखवली. नानांचे नाव नव्हते. नोंदवायला त्यांनी स्वतः यायला हवे होते म्हणे!

सगळ्याचे दुखणे हेच. आपण जायचे, आपण मागायचे, आपण चढायचे. दाराशी कोणी येत नाही.

"स्वयंसेवक वाढवा," असे सभेत नेहमी कोणीतरी म्हणतो. आमचे स्वयंसेवक कोण, तर अडुसष्ट ते चौऱ्याहत्तरचे आम्हीच. पेसमेकर बसवलेले एक गृहस्थ नव्वदीच्या आजींना भाजी आणून देतात. कौतुक वाटते आणि धास्तीही. आम्ही गोळ्या पोचवू, गप्पा मारू, बँकेत सोबत जाऊ. पण पाय का सुजला, गोळी बदलायला हवी का, हे आम्हाला काय कळणार? त्याला पगारी परिचारिकाच हवी. आशाताईंनी करावे म्हणाल, तर त्यांच्या डोक्यावर आधीच काय कमी ओझे आहे? महापालिकेने प्रभागाला एक परिचारिका नेमावी. तिने केवळ घरोघर फिरावे आणि कोणाला भेटायचे ती यादी आम्ही द्यावी. आम्हाला गल्ल्या माहीत आहेत, दारे माहीत आहेत. बाकांवर नाव रंगवता येते आणि घरभेटीवर येत नाही, ही मात्र अडचण आहे खरी.

असो. मी संघात हजेरीपट ठेवला आहे. दोन दिवस न आल्यास फोन, तिसऱ्या दिवशी घरी जायचे. "आम्ही काय शाळकरी पोरं आहोत का?" म्हणून दोघेतिघे रुसले, पण सही करतात. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी वेगळे पान आहे. त्यावर सध्या नऊ नावे आहेत, पहिले नानांचे. सोमवारची पाळी माझी. जाताना ताजे वर्तमानपत्र नेते.

परिचारिकेचा अर्ज लिहून तयार आहे. पुढच्या सभेत वाचणार आहे. टीव्हीला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण सही करतात ते बघू.