ओंजळभर मिलो

ज्वारीची काढणी उरकली, खळी झाली, की कुर्डुवाडीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण होतो. ज्याच्या घरी जे पिकले असेल त्यातले पहिले आणि चांगले ते देवासमोर आणून ठेवायचे. माढा तालुक्यातल्या वस्त्यांवरून मालदांडी ज्वारीची पोती येतात. कुणी केळीचा घड आणतो, कुणी डाळिंबे, कुणी पाय बांधलेली कोंबडी. कुर्डुवाडीत रेल्वेच्या आधाराने वाढलेली घरे बरीच. त्यांना शेत नाही, पण पगारातले पाकीट ते आणतातच. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव होतो. यंदा एका म्हाताऱ्या बाईंनी चार अंडी आणली होती. एकाने बोली लावली, पैसे भरले आणि अंडी पुन्हा टेबलावर ठेवली, दुसऱ्याने घ्यावीत म्हणून. दुसऱ्यानेही तेच केले. मागच्या बाकावर बसलेल्या त्या बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या चार अंड्यांनी एका पोत्याला मागे टाकले.

पीक आले की आभार मानणे सोपे असते. माझी आजी मात्र 1972 च्या दुष्काळातला सण सांगायची. तेव्हा आमच्या भागात शेतात काही उरलेच नव्हते. बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, सुकडी खात आणि रेशनवर मिळणारी मिलो नावाची लालसर ज्वारी दळून तिच्या भाकरी थापत. त्या वर्षी सण करायचा की नाही, असा प्रश्न निघाला. आजी म्हणाली, करायचा. पदरात ओंजळभर मिलो घेऊन ती गेली. बाकीच्यांनीही तेच आणले होते. जमलेला मिलो त्याच संध्याकाळी ज्यांच्या घरी चूल पेटली नव्हती त्यांच्याकडे पोचता झाला. त्यात ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, हे कुणी विचारले नाही. मला श्रद्धा कळली ती या गोष्टीतून. उपकारस्तुती ओठांवर सुरू होते, पण ती पुरी होते दुसऱ्याच्या चुलीवर.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य याच वाटेने गेले. कुर्डुवाडीहून पुण्याकडे जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. तिथे त्यांचे मुक्ती मिशन आहे. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंनी आई, वडील आणि मोठी बहीण गमावली होती. उपाशी पोटी केलेली पायपीट त्या कधी विसरल्या नाहीत. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि टाकून दिलेल्या मुली, विधवा यांना घेऊन आल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुलींसाठीही मुक्तीचे दार उघडले. या मुली शिकल्या, शेती करू लागल्या, विणकाम आणि छापखाना चालवू लागल्या. रमाबाई स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत बसल्या. वर्षानुवर्षे चाललेले ते काम 1922 साली डोळे मिटण्याच्या थोडे आधीपर्यंत चालू होते. आदल्या वर्षी एकुलती एक लेक मनोरमा गेली होती, तरी हातातले काम सुटले नाही. आशा म्हणतात ती ही. परिस्थिती बरी होईल असे वाटणे वेगळे आणि देव सोडणार नाही या भरवशावर रोज कामाला बसणे वेगळे.

दुसऱ्या बाजूला मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथे 1894 साली रुग्णालय उघडले, पुढे डॉक्टर आणि परिचारिका घडवल्या. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीकडे सुरू झालेली आमची छोटी रेल्वेगाडी 1906 साली पंढरपूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. मग माणदेशापासून बार्शीपर्यंतचे दुखणाईत भाकरीचे गाठोडे घेऊन त्या गाडीने मिरजेला जाऊ लागले. माझ्या आजोबांचे ऑपरेशन तिथलेच. पेशंटच्या खाटेशी डॉक्टर प्रार्थना करायचे, याची आठवण आमच्या शेजारचे एक वारकरी आजोबाही काढत. त्या प्रार्थनेने कुणाची तुळशीची माळ तुटली नाही. माणूस बरा होऊन घरी आला, एवढे मात्र सगळ्यांना दिसले.

हल्ली आमची तरुण मुले विचारतात, आपण ख्रिस्ती आहोत हे कशाला सांगत बसायचे? गैरसमज होतात, लोक संशयाने बघतात. त्यांची भीती मला कळते. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. दिवा मापाखाली झाकू नका आणि दान करताना कर्णे वाजवू नका. दोन्ही एकदम पाळता येतात. काम लोकांना दिसू द्यावे, श्रेय देवाकडे जाऊ द्यावे.

आषाढीला आमचे स्टेशन पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांनी फुलते. माझी आई दरवर्षी घराबाहेर पाण्याचे रांजण भरून ठेवते. एकदा एका माउलींनी विचारले, “बाई, तुम्ही पण माळकरी का?” आई म्हणाली, “नाही हो, आम्ही ख्रिस्ती. देवानं आम्हाला भरपूर दिलंय, म्हणून.” माउलींनी पाणी घेतले, हात जोडले आणि गाडी गाठली. आईने ना आपले नाव लपवले, ना कुणाला उपदेश केला. याच पंढरपुरात लक्ष्मीबाई टिळक, त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर, माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या होत्या. पुढे 1900 साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की मागे राहिलेल्या आप्तांविषयी त्यांच्या मनात कडवटपणाचा लवलेश नाही, मायाच आहे. आपल्या श्रद्धेवर ठाम असणाऱ्याला दुसऱ्याच्या श्रद्धेची भीती वाटत नाही.

माझ्या ख्रिस्ती बांधवांनो, आपण संख्येने थोडे आहोत, म्हणून अंग चोरून राहू नका. कुणी तुमच्या आशेचे कारण विचारले तर गोड शब्दांत, खरे ते सांगा. आणि वाचकहो, तुमची श्रद्धा कोणतीही असो, या आठवड्यात मिळालेल्यातला एक वाटा अशा घरी पोचवा जिथून परतफेड होणार नाही. देवाचे आभार मानायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.