शालूचा रंग आणि रसायनाचा क्रमांक

वाराणसीत विणलेला शालू महाराष्ट्रातील लग्नाच्या बस्त्यात मानाचे स्थान मिळवतो. २००९ मध्ये बनारसी वस्त्राला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. त्याचे रेशीम ऊन रंगजलात बुडवणाऱ्या हातांचा विचार मात्र त्या मानाने फारच थोडा झाला आहे.

रंगांपासूनचा धोका विज्ञानाला नवा नाही. १८९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगद्रव्याच्या कारखान्यातील कामगारांमध्ये आढळलेल्या मूत्राशयाच्या गाठींची नोंद केली. अशा कर्करोगाला बेन्झिडीन कारणीभूत ठरते, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. बेन्झिडीनपासून बनवलेल्या अझो रंगांचा अपाय तत्काळ जाणवत नाही. हे रंग शरीरात गेले की आतड्यातील जिवाणू आणि यकृतातील विकरे त्यांचे रासायनिक बंध तोडतात आणि बेन्झिडीन मोकळे होते. रोग प्रकट होण्यास अनेकदा दोन दशके लोटतात. भारताने १९९०च्या दशकातच या रंगांवर बंदी घातली.

ही माहिती आज कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. ‘पबकेम’ या माहितीकोशात ११ कोटींहून अधिक संयुगांच्या नोंदी आहेत. प्रत्येक ज्ञात रसायनाला एक ओळखक्रमांक असतो. बेन्झिडीनचा क्रमांक ९२-८७-५. तो टाकताच त्याचे कर्करोगकारकत्व समोर येते. परंतु लहान रंगाऱ्याला रंग मिळतो तो बहुधा छटेच्या वा व्यापारी नावाने. एकच लाल छटा सर्वस्वी भिन्न रसायनांपासून साधता येते. मग त्याने कोशात शोधायचे तरी काय? ज्ञानाचे कोठार उघडे आहे. अडले आहे ते पुडीवरील एका क्रमांकापाशी.

कोशाच्या मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. असंख्य संयुगांच्या नोंदींत विषारीपणाचा रकाना रिकामाच आहे. रिकामा रकाना म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे. कोणी तपासलेच नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. शिवाय कोश रसायनाचा गुणधर्म सांगतो. हातमोज्यांविना, कोंदट खोलीत, वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या शरीरात ते किती जाते, हे सांगत नाही. त्यासाठी कामाच्या जागी जाऊनच मोजमाप करावे लागते.

ते करू शकणाऱ्या संस्था दूर नाहीत. १९६५ मध्ये स्थापन झालेली भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था लखनऊमध्ये आहे आणि काशी हिंदू विश्वविद्यालय तर वाराणसीतच. प्रत्येक पुडीवर ओळखक्रमांक सक्तीचा करावा, त्या क्रमांकांची सोप्या हिंदीतील धोकासूची रंगाऱ्यांपर्यंत पोहोचवावी आणि जुन्या रंगाऱ्यांची नियमित आरोग्यतपासणी व्हावी. येवल्याच्या पैठणीचे रेशीम रंगवणाऱ्यांसाठी हीच व्यवस्था मराठीत उभी राहू शकते.

लहान धंद्याला नियमांचा भार पेलवत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच क्रमांक छापण्याचे उत्तरदायित्व रंग बनवणाऱ्यावर व विकणाऱ्यावर असले पाहिजे, वापरणाऱ्यावर नव्हे. आपण कशात हात बुडवतो आहोत हे जाणून घेणे, हा रंगाऱ्याचा किमान अधिकार आहे.