मनीच्या ताटलीतले शेंगदाणे

संध्याकाळी कचेरीतून घरी आलो की आमच्या ओट्यावर कोणी ना कोणी कागद घेऊन बसलेले असते. कुणाला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहून हवा असतो, कुणाला मुलाच्या शिष्यवृत्तीचा. मागच्या पावसाळ्यात सहावीत शिकणारी एक मुलगी आली. तिच्या हातात कागद नव्हता, फडक्यात गुंडाळलेले मांजर होते.

"काका, आमची मनी सकाळपासून ओकतीय. तिला काल दाणे आणि चटणी-भाकर घातली होती. शेंगदाणे मांजराला विष असतात का?"

आम्ही बी.कॉम. झालेले. नावे-जमा कळते, मांजराच्या पोटातले कळत नाही. पण "मांजरच ते, होईल बरे" असे सांगून पोरीला परत पाठवणे आमच्या जिवावर आले. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि मायलेकींना घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. तेथे गाई-म्हशींची गर्दी. तरीही डॉक्टरांनी मनीला टेबलावर घेतले, पोट दाबून पाहिले, हिरड्या पाहिल्या. तेथे जे ऐकले आणि नंतर वाचून पडताळले, ते आज बंधू-भगिनींना सांगत आहोत. कारण प्रश्न मांजराचा निघाला आणि येऊन थांबला तो आपल्याच डब्यापाशी.

आधी पोरीच्या प्रश्नाचे उत्तर. शेंगदाणा मांजराला विष नाही. चांगला, भाजलेला, बिनमिठाचा एखादा दाणा पोटात गेला म्हणून मांजर मरत नाही. पण विष नाही म्हणजे ते अन्न आहे, असेही नाही. आपल्याला भाकरीबरोबर मूठभर दाणे म्हणजे मोठा आधार. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. मांजराची गोष्ट वेगळी. त्याची जातकुळी वाघाची. मांसाशिवाय त्याचे चालत नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळवावे लागते, ते शेंगदाण्यात नाही. टॉरिन कमी पडले की मांजराची दृष्टी जाते. हृदयही दुबळे होऊन फुगते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून भाकरी-दाण्यावर मांजर जगवता येत नाही. तुमचे मांजर तसे जगत असेल, तर ते उंदीर आणि पाली मारून आपली भरपाई करत असते, इतकेच.

आता आमच्या सवयीचा हिशेब. तीन किलोच्या मांजराला दिवसाला साधारण १८० ते २०० कॅलरी पुरतात. ३० ग्रॅम दाणे, म्हणजे आपली एक मूठ, साधारण १७० कॅलरी. आपल्याला ती मूठ म्हणजे चहाबरोबरचा विरंगुळा, मांजराला ते जवळजवळ दिवसभराचे जेवण. शिवाय दाण्याचे निम्मे वजन तेलाचे. एवढे तेल एकदम पोटात गेले की उलटी, जुलाब, पोटदुखी ठरलेली. अख्खा दाणा घशात अडकण्याचीही भीती असते. ही भीती मांजरापुरती नाही. पाच वर्षांच्या आतल्या लेकराच्या हातातही अख्खे दाणे देऊ नयेत. श्वासनळीत दाणा गेला तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत वेळ उरत नाही. लेकराला कूट करून द्यावा.

खरा धोका दाण्यापेक्षा त्याच्या सोबत्यांचा आहे. आपली शेंगदाण्याची चटणी लसणाशिवाय होत नाही. लसूण आणि कांदा मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवून कुटलेला असो, फरक पडत नाही. त्रास लगेच दिसतो असेही नाही. दोन-चार दिवसांनी मांजर मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. म्हणून चटणी, कालवणाचा रस्सा, कांदा घातलेले काहीही मांजराला घालू नये. खारे दाणे मिठामुळे नकोत. चिक्की तर द्यायचीच कशाला? मांजराला गोडाची चवच कळत नाही, हे २००५ साली सिद्ध झाले आहे. बाळंतिणीच्या लाडवातले काजू-बदाम विषारी नसले तरी तेलकटच. पण कडू बदाम आणि बेदाणे-मनुका मात्र कटाक्षाने दूर ठेवावेत. बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. मांजरावर त्याची परीक्षा कशाला पाहायची?

डॉक्टरांनी मनीच्या पोटाला आराम पडेल असे इंजेक्शन दिले आणि विचारले, "घरी आणखी काही दिलंत का?"

मुलीची आई म्हणाली, "आमच्या सासूबाई तापाची गोळी अर्धी करून देणार होत्या. पोरीनं देऊ दिली नाही."

"पोरीनं जीव वाचवला," डॉक्टर म्हणाले. आपण तापाला घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या शरीराला पचवताच येत नाही. एका गोळीने मांजर दगावू शकते. ही गोष्ट घराघरांत सांगण्यासारखी आहे. माणसाचे औषध मांजराला कधीही देऊ नये.

मग डॉक्टरांनी दुसरा प्रश्न विचारला. "दाणे कसले होते?"

बाई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "चांगले आम्हाला ठेवले, काळे पडलेले तिला टाकले."

हकिगत अशी. बाई उन्हाळी भुईमूग काढायला गेल्या होत्या. मजुरीत शेंगा मिळाल्या. त्यात वळवाचा पाऊस पडला, शेंगा भिजल्या, वाळवायला जागा नाही. खोली एक, माणसे पाच. शेंगा तशाच प्लॅस्टिकच्या पोत्यात भरल्या. महिन्याने फोडल्या तर निम्म्या दाण्यांवर हिरवट बुरशी. फेकताना जीव तुटतो. म्हणून निवडून बरे दिसणारे डब्यात कुटासाठी ठेवले आणि बुरसटलेले मांजरापुढे टाकले.

येथे आम्हाला दोन जुन्या घटना सांगाव्याशा वाटतात. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाची पाळीव पाखरे पटापट मरू लागली. एक लाखाहून अधिक मेली. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड बुरसटलेली निघाली. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. दुसरी घटना आपल्या देशातली. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांतील आदिवासी गावांत कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. अवकाळी पावसात भिजून बुरसटलेला मका हे तिचे कारण होते. शंभरावर माणसे दगावली. त्याच घरांतले तेच अन्न खाणारी कुत्रीही त्याच आजाराने मेली.

ज्यांच्यापाशी दुसरे धान्य नव्हते, त्यांनी तो मका खाल्ला. ही गरिबीची गोष्ट आहे, अडाणीपणाची नव्हे. म्हणून त्या माउलीला बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण माहिती देण्याचे कर्तव्य आहे. हे विष सरळ यकृतावर जाते. धुऊन निघत नाही, भाजून थोडे कमी होते पण संपत नाही. थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाची भीती. आणि ज्या पोत्यातले निम्मे दाणे बुरसटले, त्यातले उरलेले दिसायला बरे असले तरी भरवशाचे नसतात.

मनीला उलटी बुरशीने झाली, लसणाने झाली की तेलाने, हे नुसते पाहून सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. तीन दिवसांत ती सावरली. त्या संध्याकाळी आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो, तेव्हा बाईंनी कुटाचा डबा आमच्यासमोर उकिरड्याच्या खड्ड्यात रिकामा केला आणि वरून माती ओढली. "कोंबड्यांनी टिपू नये म्हणून," त्या म्हणाल्या. आम्हाला ते सुचले नसते.

तेव्हा एवढे करावे. शेंगा मिळाल्या की ओल्या पोत्यात भरू नयेत, उन्हात खडखडीत वाळवाव्यात. स्वतःची जागा नसेल तर चार घरांनी मिळून एक पत्रा, एक गच्ची वापरावी. दाणा काळा, हिरवट, सुरकुतलेला किंवा कडू लागला तर टाकून द्यावा. तो मांजराला, कोंबडीला, शेळीलाही घालू नये. मांजरासाठी कोंबडीच्या दुकानातले स्वस्त तुकडे किंवा मासळीची डोकी नुसत्या पाण्यात उकडावीत, हाडे-काटे काढून घालावीत. मीठ-मसाला नको. अंडे उकडून दिले तरी चालते. मांजर एक दिवस जेवले नाही, सारखे ओकू लागले, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. तो गाई-म्हशींपुरता नाही. मोठे दुखणे असेल तर लोणंदच्या पुढे शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईच्या नातेवाइकांना परळचे जनावरांचे हॉस्पिटल आहे.

परवा ती मुलगी पुन्हा आली. या वेळी हातात शिष्यवृत्तीचा अर्ज होता आणि मागे मनी. अर्ज लिहून होईपर्यंत मांजर आमच्या ओट्यावर बसून होते. आम्ही सवयीने चहाबरोबरच्या बशीतला एक दाणा उचलला, तोच पोरगी म्हणाली, "काका, नको हं!"

आम्ही तो दाणा आमच्याच तोंडात टाकला. पण आधी उजेडात धरून नीट पाहिला.